तयारी थांबण्याची

कच्च्या वाटांवर मोटरसायकली घेऊन निघालेला बारा जणांचा ग्रुप धरा. दिवसभरात प्रत्येकाने एकदाच आणि दहाच मिनिटं खाल्ली, म्हणजे कुणाची चेन उतरली, कुणी ओढ्यात आडवा झाला, कुणाचा मोबाइल मागच्या चढावर पडला, तरी दोन तास गेले. त्या दोन तासांत उरलेले अकरा जण काय करतात? उभे राहतात. घामाने भिजलेले, वाऱ्यात. हिवाळी ट्रेल राइडची तयारी करताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गाडी चालवणं असतं. मी क्लबात बरीच वर्षं स्वीप, म्हणजे सगळ्यांत मागचा, असतो. त्यामुळे माझी यादी उभं राहण्यापासून सुरू होते.

म्हणून आधी कपडे. अंगालगतचा थर सुती नको, एवढं एक जरी पाळलंत तरी अर्धं काम झालं. सुती बनियन घाम पितं आणि सोडत नाही. मग पुढच्या थांब्यावर ओलं फडकं पाठीला चिकटवून उभे राहा. अंगाबरोबर लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर पातळ फ्लीस आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं, पण चेन उघडून हवा आत घेता येईल असं जॅकेट. हे थर संरक्षक कवच आणि गुडघ्याचे गार्ड यांच्यात मावतात ना, हे आदल्या दिवशी घरी घालून, गाडीवर उभं राहून बघा. निघताना जरा काकडायलाच हवं. पहिल्या पाच मिनिटांत छान उबदार वाटलं तर विसाव्या मिनिटाला तुम्ही आतून निथळत असणार.

खरी गोष्ट बॅगेत असते. मी तिला थांब्याचं जॅकेट म्हणतो: पिसांचं किंवा सिंथेटिक भरणीचं, मुठीएवढं दाबता येणारं, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळलेलं. हे चालवताना घालायचं नाही. गाडी स्टँडवर लावल्याबरोबर, हुडहुडी भरायच्या आत, वरच्या जॅकेटवरूनच चढवायचं. नवखे लोक थंडी वाजायची वाट बघतात. तोवर अंगातली ऊब निघून गेलेली असते, आणि कितीही जाड जॅकेट असलं तरी ते ऊब फक्त राखतं, तयार करत नाही. सोबत एक कोरडं बनियन आणि मोज्यांचा जोड त्याच पिशवीत टाका. दुपारच्या मोठ्या थांब्यावर सगळ्यांसमोर उघडं होऊन बनियन बदलायची लाज वाटेल, पण तीसच सेकंद.

दोन ट्रेल जोडणारा डांबरी रस्ता लोक हिशेबात धरत नाहीत. ट्रेलवर वेग कमी आणि मेहनत जास्त, म्हणून अंग तापलेलं असतं. डांबर लागलं की तोच भिजलेला माणूस वारा खात सुटतो. ५ अंश सेल्सिअसमध्ये ताशी ३० किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला जवळपास ० अंशासारखा लागतो. ० अंशात ताशी ५० असेल तर उणे ८ सारखा. गळ्याभोवतीची पट्टी नाकावर ओढा आणि जॅकेटच्या चेन डांबर लागायच्या आधीच बंद करा.

हातांबद्दल मी जरा हट्टी आहे. हातमोज्यांचे दोन जोड हवेतच, तिसरा असला तर उत्तम: चालवायला मध्यम, भिजल्यावर बदलायला तसाच दुसरा, आणि थांब्यासाठी जाड. फार जाड मोजे घालून ट्रेल चालवू नका. हँडल जाणवत नाही म्हणून आपण ते जास्त आवळतो आणि तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड होतात. त्यापेक्षा मध्यम मोजे आणि हँडलवर वारा अडवणारे मफ बरे. गरम होणाऱ्या ग्रिप बसवणार असाल तर गाडीचं चार्जिंग तेवढी वीज देतं का, ते आधी तपासा; हलक्या ट्रेल गाड्यांचं अनेकदा देत नाही. पायांचंही तेच. बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. हात बधिर झाले तर खांद्यापासून जोरजोरात गोल फिरवा, वेड्यासारखे दिसलात तरी चालेल. सायलेन्सरवर धरू नका. त्यापायी माझा एक हातमोजा वितळलेला आहे आणि तो अजून क्लबात फिरतो.

गॉगलला दुहेरी काच हवी. थांबल्यावर तो कपाळावर चढवायचा नाही. डोक्याची वाफ थेट आत जाते आणि निघताना पुढचं काही दिसत नाही. काढा, गळ्यात सोडा.

आता गाडी. हवा घरातल्या उबेत भरू नका. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेले १५ पीएसआय बाहेर ० अंशात साधारण १३ उरतात, आणि ट्यूबवाल्या टायरला खडकाळ वाटेवर एवढा फरक पंक्चरला पुरतो. हवा बघायची ती सुरुवातीच्या ठिकाणी, गाडी तासभर बाहेर उभी राहिल्यावर. साधी बॅटरी ० अंशाला आपली सुमारे पाचवा हिस्सा ताकद हरवते, त्यात इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं. विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसत नसतील तर रात्री चार्जरला लावा. लिथियम बॅटरी थंडीत पहिल्या बटणाला नुसतं कण्हते. तिला एखादं मिनिट हेडलाइट लावून जागं करायचं, मग स्टार्टर. किक असेल तर ती चालते का, हे बघून ठेवा. वर्षभर न मारलेली किक ऐनवेळी घात करते.

उन्हाळ्यात कूलंटमध्ये साधं पाणी ओतलं असेल त्यांनी ते काढून नवं भरावं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिन फोडू शकतं. आणि कृपा करून राइडच्या आदल्या संध्याकाळी गाडी धुऊ नका! केबलमध्ये शिरलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी अॅक्सिलरेटर पिळला की परत येत नाही. चकचकीत गाडीचं ट्रेलवर कुणाला कौतुकही नसतं. ओढा ओलांडल्यावर दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून कोरडे करा.

हत्यारं सगळ्यांनी सगळी न्यायची गरज नाही, वाटून घ्या. पण ट्यूब आणि टायर लिव्हर, म्हणजे टायर उचकटायच्या पट्ट्या, ज्याचे त्याने. एकच ट्यूब नेणार असाल तर २१ इंची पुढची न्या. ती अडीनडीला १८ इंची मागच्या चाकातही कोंबता येते, पुढे मात्र मागची बसत नाही. थंडीत टायरचं रबर लाकडासारखं होतं, म्हणून लिव्हर लांब हवेत आणि टायर उन्हात ठेवायला मिळालं तर सोडू नका. पंक्चरचं सोल्यूशन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. मोबाइलही तिथेच, आणि नकाशा आधी उतरवून घेतलेला. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते; प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी परत आत ढकला. तहान लागत नाही म्हणून लोक पीतच नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. थर्मासमध्ये गरम, गोड काहीतरी. गाडी ओढायचा पट्टा निदान दोघांकडे, आणि प्रत्येकाकडे चमचमतं आपत्कालीन ब्लँकेट. ते कागदाएवढं हलकं असतं, सबब चालणार नाही.

ग्रुपची तयारी सकाळच्या दहा मिनिटांत होते, आणि तीच सगळे घाईत उरकतात. पेट्रोलचा पल्ला ज्याची टाकी सगळ्यांत लहान त्याच्यावरून ठरतो, वेग सगळ्यांत नवख्यावरून. डोकी मोजा आणि आकडा मोठ्याने म्हणा. वळणांसाठी आम्ही जुनीच पद्धत वापरतो: प्रत्येक फाट्यावर लीडरच्या लगेच मागचा माणूस थांबतो, वाट दाखवतो आणि स्वीप येईपर्यंत जागा सोडत नाही. ऊन असताना ही पद्धत निर्धास्त चालते. थंडीत ती कोपऱ्यावरच्या माणसाला गारठवते. एखादा मागे अडकला की तो बिचारा सावलीत पाऊण तास एकटा उभा. म्हणून कोपरा उन्हात किंवा वाऱ्याच्या आडोशाला मिळेल तेवढा पुढे-मागे घ्या, थांब्याचं जॅकेट लगेच घाला, आणि लीडरने पुढे अर्ध्या तासात ग्रुप जुळला नाही तर मागे फिरायचं, हे आधीच ठरवा.

परतायची वेळही आधी ठरवा. आणि ती किलोमीटरवर नाही, घड्याळावर. दिवस लहान असतो, आणि सकाळी मऊ झालेला सावलीतला चिखल ऊन उतरलं की पुन्हा कडक होतो, पाल्याखालचा बर्फाचा पापुद्रा तर दिसतही नाही. सूर्यास्ताच्या दोन तास आधी, जिथे असू तिथून, परत. उरलेला चढ कितीही खुणावू दे.

एकमेकांकडे बघत राहण्यासाठी जोड्या लावा. थंडी चढलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही. तो हेल्मेटचा पट्टा लावताना चाचपडतो, बोलताना शब्द गिळतो, सरळ वाटेवर दोनदा पडतो आणि विचारलं तर ‘मी ठीक आहे’ म्हणतो. त्याला गाडीवर बसवू नका. आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, शुद्धीत असेल तर गरम गोड प्यायला द्या. दारू अजिबात नाही. तिने कातडीकडे रक्त धावतं आणि आतली ऊब जाते. अंग गार असूनही हुडहुडी थांबली, तो असंबद्ध बोलू लागला, तर मदत बोलवायला वेळ दवडू नका.

परतल्यावर इंजिनं बंद करायच्या आधी पुन्हा डोकी मोजायची. एका संध्याकाळी बारातले अकरा भरले. आम्ही तिघे अंधारात शेवटच्या ट्रेलवर परत गेलो, हाका मारल्या, ओढ्याच्या दोन्ही काठांवर टॉर्च फिरवले, आणि चाळीस मिनिटांनी एकाच्या मोबाइलला रेंज आली. गडी शेवटच्या डांबरी फाट्यावरून परस्पर घरी गेला होता आणि पांघरुणात शिरून झोपला होता.