रॉटरडॅमला जाणारी तूरडाळ

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळमिलचा कंटेनर न्हावाशेव्याला पोचला आणि माल जहाजानं पाठवायची व्यवस्था बघणाऱ्या फॉरवर्डरच्या पोराचा फोन आला, "भाऊ, युरोपच्या कस्टम्सनं जादा माहिती मागितलीय. तोवर जहाजावर चढणार नाही." शिपिंग बिल (आपल्या कस्टम्सचा निर्यातीचा कागद), फायटो (माल कीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) सगळं चोख होतं.

येणाऱ्या मालाची माहिती आधीच तपासायची युरोपच्या कस्टम्सची आयसीएस-२ पद्धत जून २०२४ पासून टप्प्याटप्प्यानं समुद्री मालालाही लागू झाली. कंटेनर लोड होण्याच्या किमान २४ तास आधी मालाची माहिती तिथल्या कस्टम्सकडे जावी लागते. आमच्या फायलिंगमध्ये, म्हणजे दाखल केलेल्या माहितीत, वर्णन होतं नुसतं 'फूड प्रॉडक्ट्स'. असं मोघम लिहिलं की शंका येणारच! शिवाय खऱ्या खरेदीदाराच्या जागी फॉरवर्डरच्या तिथल्या एजंटाचं नाव.

मी लगेच लिहून दिलं: 'ड्राइड स्प्लिट पिजन पीज' (म्हणजे तूरडाळ), मालाचा प्रकार सांगणारा सहा आकडी एचएस कोड ०७१३६०, पोती, एकूण वजन, विकणारा आणि घेणारा यांचे पूर्ण पत्ते, खरेदीदाराचा ईओआरआय नंबर (युरोपच्या कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक). फॉरवर्डरनं हाउस बीएलच्या (त्यानं स्वतः आम्हाला दिलेल्या माल-पावतीच्या) पातळीवर दुरुस्ती दाखल केली आणि लोडिंगला परवानगी मिळाली.

ईओआरआय मी आता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसच्या (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलाच्या) वेळीच मागतो, आणि फायलिंगचा मसुदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय ट्रक मिलमधून सोडत नाही.