किलिबेग्सच्या बंदरात, मुलीला घेऊन एकटीनं

आयर्लंडमधल्या किलिबेग्सला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सकाळी दार उघडलं तर कडीला प्लास्टिकची पिशवी लटकत होती. आत पाच बांगडे, डोकी उडवून, पोट साफ करून ठेवलेले. चिठ्ठी नाही, नाव नाही. शेजारच्या आजींचा मुलगा बोटीवर असतो एवढं माहीत होतं, म्हणून मी त्यांचं दार वाजवलं आणि पैसे विचारले. आजींचा चेहरा पडला. मी मूळची हर्णैची. वानवळ्याचे पैसे आपल्याकडे तरी कोण विचारतं? पण परक्या देशात कुणाचं काही अंगावर नको, ही भीती मी सोबत घेऊनच आले होते. एकटी आई इथे यायचा विचार करत असेल तर तिला मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण कागदपत्रांची चूक निस्तरता येते, ही चूक निस्तरायला मला महिने लागले.

तरी कागद आधी. मी नर्स आहे. इथल्या नर्सिंग बोर्डाची नोंदणी झाल्यावर क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे देशात टंचाई असलेल्या कामांसाठीचा परवाना, मिळालं आणि त्यावर मुलीला लगेच आणता आलं. जनरल परमिटवर, म्हणजे बाकीच्या कामांच्या परवान्यावर, येणाऱ्यांना त्यासाठी थांबावं लागतं, म्हणून कुठलं परमिट ते ऑफर स्वीकारण्याआधीच विचारा. मुलाच्या व्हिसासाठी दुसऱ्या पालकाची लेखी संमती लागते, नाहीतर ताबा एकट्या आईकडे असल्याचा न्यायालयाचा आदेश. माझा आदेश मराठीत होता. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेण्यात दीड महिना गेला. घटस्फोटाची केस चालू असेल तर ताब्याचा मुद्दा आदेशात स्पष्ट लिहून घ्या, वकिलाच्या मागे लागून घ्या. इथे आल्यावर पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठी लागणारा ओळख क्रमांक), मग चाइल्ड बेनिफिट हा सरकारी भत्ता: दर मुलामागे महिना १४० युरो. अर्ज लांबवू नका.

एजंटानं मला सांगितलं होतं, "मुलांची सोय तिथं सहज होते." होत नाही. नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा होते तिथे, माझी पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. प्राथमिक शाळा सुटते अडीचच्या सुमाराला, अगदी लहान वर्ग त्याहून तासभर आधी, आणि जुलै-ऑगस्ट शाळा बंद. त्यात किलिबेग्स हे देशातलं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर. हिवाळ्यात बांगड्याच्या बोटी लागल्या की मासे थंड पाण्याच्या टाक्यांतून पंपानं उपसतात आणि फॅक्टऱ्या रात्रंदिवस चालतात. मुलं सांभाळणाऱ्या बायकाही तेव्हा फॅक्टरीत पाळ्या धरतात. म्हणजे बाई बघायची ती उन्हाळ्यात, जानेवारीत नाही. आणि हातात ऑफर असताना आठवड्याला तीनच पाळ्या, त्याही ठरलेल्या वारी, असं लेखी मागा. मी मागितलं नव्हतं, पहिला हिवाळा रडत काढला. चारनंतर लगेच अंधार पडतो, आमच्या डोनेगल परगण्यात रेल्वे नाही, बस मोजक्या. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी परीक्षेपासून सगळं नव्यानं. गाडी डाव्या बाजूनंच चालवायची, तेवढं एक बरं.

"मुलीचे बाबा कुठं असतात?" या प्रश्नाची मला धास्ती होती. पाचेक हजार वस्तीच्या आतलं गाव, सगळे एकमेकांच्या नात्यातले. पण इथल्या बायकांचे नवरे आठवडेच्या आठवडे समुद्रावर असतात. मुलांचे ताप, शाळा, घराचे हप्ते एकटीनं निभावणं त्यांना नवीन नाही. म्हातारी माणसं मात्र जरा थबकतात. या देशात घटस्फोटाला परवानगी मिळाली ती १९९५ च्या सार्वमतानं, तीही काठावर. ते मतदान त्यांना आठवतं. मी एकच वाक्य ठरवून ठेवलं: "आम्ही दोघीच आहोत." पुढं कुणी खोदून विचारलं नाही.

उलट तुम्ही सांगितलंच नाही तर कुणाला मदत करता येत नाही. फेब्रुवारीत एका रात्री मुलीला एकशे तीन ताप होता आणि सकाळी माझी पाळी. साडेसहाला मी आजींचं दार वाजवलं. ड्रेसिंग गाऊनवरच त्या आल्या, चुलीशेजारी खुर्ची ओढली आणि मला म्हणाल्या, "तू जा." संध्याकाळी आले तर मुलगी त्यांच्याकडून आयरिश आकडे शिकत होती: आ हेन, आ दो, आ त्री. "आई, दोन-तीनसारखंच आहे!" तिला त्याचा केवढा आनंद.

दुसऱ्या दिवशी त्यांची ताटली परत करताना मी ती रिकामी दिली नाही. रव्यात घोळवून तळलेले बांगडे नेले, तिखट बेतानं घातलेलं. इथला मासा मुळात इतका तेलकट की तव्यावर चमचाभर तेल पुरतं. आजींनी उभ्या उभ्याच एक संपवला. मग ताटल्यांची ये-जा सुरू झाली. त्यांच्याकडून सोडा ब्रेड येतो, माझ्याकडून कधी शिरा, कधी घावनं जातात. ब्रेक्झिटनंतर बांगडा धरायचा कोटा कमी झाला, त्यांच्या मुलाच्या बोटीला आता समुद्रावर दिवस कमी मिळतात. त्याचा घोर त्या माझ्याजवळ बोलून दाखवतात.

पिशवी अजून कडीलाच असते. फक्त आता बांगडे डोक्यासकट, न कापता येतात. कालवणाला मला डोकी लागतात हे आजींना ठाऊक झालंय.