दोन नोडचं ओरॅकल रॅक सर्व्हरवरून कसं काढावं

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, कुठल्याही कारखान्यात जा, चित्र साधारण सारखंच असतं. ईआरपी क्लाउडवर गेली, तिथे रुळलीही. सर्व्हर रूममध्ये मात्र ओरॅकल रॅकचे (रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स, म्हणजे एकच डेटाबेस अनेक यंत्रांवर चालवायची व्यवस्था) दोन जुने सर्व्हर अजून एसीची हवा खात बसलेत. वीजबिल चालू आहे, सपोर्टचं नूतनीकरण तोंडावर आलंय, आणि ज्यानं हे क्लस्टर उभं केलं तो वेंडरचा माणूस केव्हाच नोकरी बदलून पुण्याला गेलाय. मग एक दिवस साहेब आयटीवाल्याला सांगतात, "ते काढून टाक रे एकदाचं."

काढता येतं, आणि त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलवायलाच हवा असं नाही. पण लिनक्सवर फोल्डर उडवायची जी 'आरएम -आरएफ' ही कमांड आहे, तिनं हे काम होत नाही. फोल्डर जातं, पण क्लस्टरच्या सेवा सिस्टिममध्ये नोंदलेल्या राहतात आणि पुढच्या रीबूटला आपलं फोल्डर शोधत बसतात. डिस्कवरच्या खुणाही तशाच राहतात. वर ओरॅकलच्या इन्व्हेंटरीत, म्हणजे बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, ते होम (सॉफ्टवेअरचं फोल्डर) अजून 'आहे', त्यामुळे नंतर काढायचं टूलसुद्धा गोंधळतं.

मुळात रॅकमध्ये डेटाबेस एकच असतो आणि तो चालवणारी यंत्रं, म्हणजे नोड, दोन. डिस्क सामाईक, सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक नोडवर वेगळं. त्यामुळे इथे दर कमांडआधी एकच प्रश्न विचारायचा: ही फक्त या यंत्रापुरती आहे की दोन्हींवर जाणार आहे? ज्याला याचं उत्तर माहीत आहे त्यानंच एंटर मारावा.

रचना तीन थरांची आहे. तळाला ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे दोन्ही नोडना बांधून ठेवणारं क्लस्टरवेअर आणि डिस्क सांभाळणारं एएसएम. ११जी रिलीज २ पासून हे दोन्ही एकाच होममध्ये येतात. त्यावर डेटाबेसचं सॉफ्टवेअर, म्हणजे डेटाबेस होम. त्याच्याही वर प्रत्यक्ष डेटाबेस. मांडव उतरवताना आधी झालर, मग कापड आणि शेवटी बांबू काढतात, तसं हे वरून खाली उतरवायचं. उलट्या क्रमानं गेलात तर अर्धं काम हातानं निस्तरावं लागेल.

(पुढच्या सगळ्या कमांड बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाकायच्या.)

आधी बंद ठेवा, मग काढा

दिवस निवडताना मार्चअखेर टाळा. द्राक्षाशी संबंध असलेल्या कंपनीनं, मग ती पॅकहाऊस असो, कोल्ड स्टोरेज असो की वाहतूक, जानेवारी ते एप्रिल हा काळ विसरूनच जावा. कारखान्याला दिवाळीची सुट्टी असते तेव्हा हे काम सगळ्यांत निवांत होतं.

त्याआधी महिनाभर लिसनरचा, म्हणजे डेटाबेसकडे येणाऱ्या जोडण्या घेणाऱ्या प्रोग्रॅमचा, लॉग बघा. डेटाबेसला कोणकोणत्या आयपीवरून जोडणी येते ते त्यात दिसतं. ईआरपी गेली म्हणजे सगळे गेले असं नसतं. गेटवरच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम, हजेरीचं मशीन, स्टोअरमधलं बारकोडचं जुनं सॉफ्टवेअर, यांतलं एखादं अजून गुपचूप इथेच लिहीत असतं.

लॉग शांत झाला की डेटाबेस बंद करा, पण काढू नका. 'एसआरव्हीसीटीएल स्टॉप डेटाबेस' आणि पाठोपाठ 'एसआरव्हीसीटीएल डिसेबल डेटाबेस'. दुसरी कमांड विसरू नका, नाहीतर लाइट जाऊन आली की क्लस्टर त्याला आपणहून उठवेल. या अवस्थेत एक महिनाअखेर जाऊ द्या. कुणाचा फोन आला तर दोन मिनिटांत परत चालू करता येतो. माझ्या मते हा टप्पा वगळणं म्हणजे उगाच जुगार खेळणं.

बॅकअप: आहे म्हणजे काय आहे?

"बॅकअप आहे ना?" या प्रश्नाला सगळे "हो" म्हणतात. तेवढ्यावर भागत नाही. तीन गोष्टी स्वतः बघा.

पहिली, तो आहे कुठे. आरमॅनचा (ओरॅकलच्या बॅकअप टूलचा) बॅकअप बहुतेक ठिकाणी रिकव्हरी एरियात, म्हणजे एएसएमच्याच एखाद्या डिस्क ग्रुपमध्ये पडतो. पुढे ग्रिड काढताना डिस्क ग्रुप उडाला की बॅकअपही त्याच्याबरोबर जाणार. ओरॅकल बेस फोल्डरमध्ये ठेवलेलंही सुरक्षित नाही. इन्व्हेंटरीत दुसरं कुठलं होम उरलं नसेल तर काढण्याचं टूल त्या फोल्डरमधलं ॲडमिन, डायग, ओराडेटा, फास्ट रिकव्हरी एरिया हे सगळं साफ करतं. बॅकअप या दोन सर्व्हरच्या आणि त्यांच्या स्टोरेजच्या पूर्ण बाहेर हवा.

दुसरी, तो उद्या वाचणार कशानं. आरमॅनचा बॅकअप परत उभा करायला ओरॅकलच लागतं, तेही जुळत्या आवृत्तीचं. म्हणून इन्स्टॉलरच्या फाइल आणि लावलेले पॅच बॅकअपशेजारीच ठेवा. शिवाय डेटा पंपनं, म्हणजे 'ईएक्सपीडीपी'नं, पूर्ण एक्सपोर्ट काढा. तो नव्या आवृत्तीतही उघडतो. डेटा एन्क्रिप्ट केलेला असेल तर वॉलेटची, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची, फाइल आणि तिचा पासवर्ड जपा. वॉलेट हरवलं तर तो बॅकअप असून नसल्यासारखा.

तिसरी, किती वर्षं ठेवायचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. त्यामुळे "सगळं नव्या सिस्टिममध्ये आलंय" हे आयटीनं परस्पर ठरवू नये. अकाउंट्सकडून लेखी घ्या, एक ईमेल पुरे.

यादी

काढायच्या दिवशी डेटाबेस 'एनेबल' करून चालू करा आणि एका फाइलमध्ये सगळी माहिती उतरवून ती आपल्या लॅपटॉपवर घ्या. 'ओएलएसनोड्स -एन' नोडची नावं देतं, 'सीआरएससीटीएल स्टॅट रेस -टी' चालू असलेली प्रत्येक गोष्ट दाखवतं, 'सीआरएससीटीएल क्वेरी सीएसएस व्होटडिस्क' व्होटिंग डिस्क (कोणता नोड क्लस्टरमध्ये आहे हे ठरवायला लागणारी) सांगतं. एएसएमच्या डिस्क कोणत्या, त्यांचे स्टोरेजवरचे डब्ल्यूडब्ल्यूआयडी (न बदलणारे ओळख) क्रमांक काय, स्कॅन आणि व्हीआयपीचे (क्लस्टरकडे जोडण्या येतात ते) पत्ते काय, हेही टिपून घ्या. ईटीसीमधल्या ओराटॅब आणि ओराइन्स्ट.एलओसी या फाइलींची प्रत काढा. होम कुठे आहेत आणि इन्व्हेंटरी कुठे आहे ते त्यांवरून कळतं.

हे काम कंटाळवाणं आहे, पण ग्रिड गेल्यावर यातलं काहीच विचारता येत नाही.

डेटाबेस, मग त्याचं होम

डेटाबेस काढायला डीबीसीए, म्हणजे ओरॅकलचं डेटाबेस बनवायचं-काढायचं टूल, वापरा. एका नोडवर ओरॅकल युजरनं लॉगिन करून ते उघडा, 'डिलीट डेटाबेस' निवडा, नाव तपासा, सिसचा (डेटाबेसच्या मुख्य युजरचा) पासवर्ड द्या. दोन्ही नोडवरचे इन्स्टन्स (डेटाबेस चालवणाऱ्या प्रोसेस), डेटा फाइल आणि क्लस्टरमधली नोंद ते स्वतः काढतं. आरमॅनमध्येही डेटाबेस टाकून द्यायची कमांड आहे, पण तिच्यामागे 'इन्क्लुडिंग बॅकअप्स' जोडलं की बॅकअपही जातात. इंटरनेटवरून कमांड उचलताना शेपूट नीट वाचा.

आता सॉफ्टवेअर. डेटाबेस होममध्येच 'डीइन्स्टॉल' नावाचं फोल्डर आहे आणि त्यात त्याच नावाचं टूल. इथे पुष्कळांची एक समजूत उलटी असते. काढायचंय म्हणून ते आधी क्लस्टर बंद करतात. तसं करू नका. टूल चालत्या क्लस्टरलाच विचारून सगळी रचना शोधतं. सगळं झोपलेलं असेल तर त्याला काही सापडत नाही आणि प्रत्येक तपशील तुम्हाला हातानं भरावा लागतो.

आधी 'डीइन्स्टॉल -चेकओन्ली' चालवा. यात काही पुसलं जात नाही. काय काय सापडलं ते दिसतं आणि एक रिस्पॉन्स फाइल तयार होते. ती उघडून आपल्या यादीशी ताडून बघा.

मग नुसतं 'डीइन्स्टॉल'. ही कमांड क्लस्टरमधल्या सगळ्या नोडवरचं ते होम काढते. एकच नोड बाहेर काढायचा असेल तर मागे '-लोकल' लावावं लागतं. आपल्याला दोन्ही काढायचेत म्हणून आपण लावत नाही, पण ज्याला एकच काढायचा होता आणि जो '-लोकल' विसरला त्याचं काय होईल याची कल्पना करा. शेवटी टूल पुढे जायचं का विचारतं आणि चौकटी कंसात 'एन' दाखवतं, म्हणजे नुसता एंटर मारला तर काम थांबतं. 'वाय' टाइप करावं लागतं.

ग्रिड: इथे सावकाश

ग्रिडचं टूल ग्रिड होममध्ये असतं आणि ते त्या होमच्या मालकानं, बहुधा ग्रिड नावाच्या युजरनं, चालवायचं. प्रश्न बरेच येतात: लिसनर कोणते, ओसीआर (क्लस्टरच्या रचनेची नोंदवही) आणि व्होटिंग डिस्क एएसएममध्ये आहेत का, वगैरे. एएसएमपाशी आल्यावर मात्र हात कीबोर्डवरून उचला. टूल सांगतं की सगळे डिस्क ग्रुप त्यातल्या मजकुरासह टाकून दिले जातील, आणि मग विचारतं की वरच्या माहितीत काही बदल करायचा आहे का. उत्तर आधीच 'एन' धरलेलं असतं. आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात, पण रोख हाच. म्हणजे मघाशी नुसता एंटर हा नकार होता, तोच इथे होकार होतो.

"सर, एंटर मारू?"

"थांब. आधी काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

दोघांनी बसून हे काम करण्याचा खरा फायदा इथे कळतो. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं यादीत बघायचं. डिस्क ग्रुपमध्ये अजून काही ठेवायचं असेल, एखादं एसीएफएस (एएसएमवरच्या फाइल सिस्टिमचं) फोल्डर किंवा दुसऱ्या कुणाचा डेटाबेस, तर इथेच थांबा आणि आधी ते हलवा.

पुढे टूल एक लांबलचक कमांड पडद्यावर टाकतं आणि सांगतं की दुसऱ्या नोडवर रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) होऊन ही चालवा, झाली की इथे एंटर मारा. ती 'रूटसीआरएस'ची 'डीकॉन्फिग' कमांड असते. दुसऱ्या विंडोत ती चालवून पूर्ण संपू द्या, तिचा शेवटचा संदेश वाचा, मगच परत येऊन एंटर. आपण ज्या नोडवर बसलोय त्याची कमांड शेवटी चालवायची आणि तिच्यात '-लास्टनोड' असतं. ओसीआर आणि व्होटिंग डिस्क त्या शब्दामुळे साफ होतात, म्हणून दोन्ही कमांडची अदलाबदल होऊ देऊ नका.

टूल मध्येच लटकलं तर घाबरू नका. ग्रिड होममधली 'रूटसीआरएस -डीकॉन्फिग -फोर्स' पहिल्या नोडवर रूटनं चालवा, शेवटच्या नोडवर तीच '-लास्टनोड' जोडून, आणि मग टूल पुन्हा सुरू करा. ११जीत या स्क्रिप्टच्या नावापुढे 'पीएल' असतं, नंतरच्या आवृत्त्यांत 'एसएच'.

मागे उरतं ते

संपताना टूल स्वतःच सांगतं की ईटीसीमधली ओराइन्स्ट.एलओसी फाइल आणि ऑप्टमधलं ओआरसीएलएफमॅप फोल्डर रूटनं हातानं काढा. पुष्कळ जण तोवर खिडकी बंद करून चहाला गेलेले असतात. त्याशिवाय ओराटॅब, टेम्प आणि व्हारटेम्पमधलं '.ओरॅकल' हे लपलेलं फोल्डर, क्रॉनमधल्या बॅकअपच्या ओळी बघा. मग दोन्ही सर्व्हर रीबूट करून प्रोसेसच्या यादीत 'पीमॉन' (डेटाबेसची प्रोसेस) आणि 'ओहासडी' (क्लस्टरची) शोधा. दोन्ही दिसायला नकोत.

सर्व्हर दुसऱ्या कामाला लावणार असाल तर सिसकंट्रोलमधली (लिनक्सच्या सेटिंगमधली) ह्यूजपेजेसची, म्हणजे ओरॅकलसाठी राखून ठेवलेल्या मेमरीची, ओळ काढायलाच हवी. ओरॅकल गेलं तरी तिच्यामुळे मेमरीचा मोठा हिस्सा अडकून राहतो. नवीन ॲप्लिकेशन रडायला लागतं, आणि रॅम भरपूर असून कमी का पडते हे कुणाला उमगत नाही.

डिस्कचं काम शेवटी. एएसएमलिब (एएसएमच्या डिस्कवर नावाची खूण करणारं पॅकेज) असेल तर 'ओरॅकलएएसएम डिलीटडिस्क', नसेल तर यूडेव्हचे (लिनक्समध्ये डिस्कची नावं-परवानग्या ठरवणारे) नियम काढा. मग 'डीडी'नं डिस्कच्या सुरुवातीचा भाग शून्यांनी भरायचा, म्हणजे जुनी एएसएमची खूण जाते. पण एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. म्हणून नावावर विसंबू नका, यादीतला डब्ल्यूडब्ल्यूआयडी जुळवा. त्याच स्टोरेजवर फाइल सर्व्हरचीही डिस्क असते आणि 'डीडी' कुणाला विचारत नाही. सर्व्हर विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल तर एवढं पुरणार नाही. सुरुवातीचा भाग पुसला तरी पगाराच्या आकड्यांसकट बाकी सगळं डिस्कवर तसंच असतं. पूर्ण डिस्क ओव्हरराइट करा किंवा ती फोडून नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडेच द्या.

नेटवर्कवाल्याला स्कॅनच्या नावाच्या आणि दोन्ही व्हीआयपींच्या डीएनएस नोंदी काढायला सांगा. फायरवॉलमधला १५२१ पोर्टचा नियमही. मॉनिटरिंगमधून दोन्ही सर्व्हर वगळा, नाहीतर रात्री दोनला एसएमएस येत राहतील.

आणि सपोर्टचं नूतनीकरण. सॉफ्टवेअर काढलं म्हणून बिल आपोआप थांबत नाही. करारात किती दिवस आधी कळवायचं ते बघा, आणि खरेदी विभागाकडून लेखी सूचना त्या मुदतीच्या आत पाठवा. चेकओन्लीचा आणि डीइन्स्टॉलचा लॉग त्या सूचनेच्या प्रतीबरोबर ठेवला की लायसन्सच्या ऑडिटला दाखवायला हाताशी राहतो.