चवथीआधी टीव्ही बघून घ्या: गेलेले चॅनेल परत आणायची तयारी

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातलं मूळ घर उघडायचं म्हटलं की माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगायच्या मांडवीचं) सामान, भिंतींचा रंग, भजनाला येणाऱ्यांच्या चहाफराळाची सोय, सगळं कुणाच्या ना कुणाच्या यादीत असतं. टीव्ही कुणाच्याच यादीत नसतो. मग पहिल्याच संध्याकाळी आजोबा रिमोट हातात घेतात आणि पडद्यावर निळा चौकोन दिसतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण गणपती बसला की डिशवाला आणि केबलवालाही आपापल्या गावच्या घरी गेलेले असतात. म्हणून हे काम श्रावणात, साफसफाईला गेलात की त्याच फेरीत उरकून टाका. सोबत एक वही, बारीक पक्कड, चिकटपट्टी, रिमोटचे नवे सेल आणि मोबाईलमधलं होकायंत्र एवढं असलं तरी पुरे.

वही सगळ्यात आधी. काहीही हलवायच्या, फिरवायच्या किंवा रीसेट मारायच्या आधी कुठले चॅनेल दिसतात, कुठले दिसत नाहीत आणि न दिसणाऱ्यांवर पडद्यावर नेमकं काय लिहून येतं, हे उतरवून काढा. अँटेनाच्या काळी बिघाड हळूहळू यायचा. आधी मुंग्या, मग दोन-दोन आकृत्या, मग खरखर. डिजिटलमध्ये सिग्नल एका पातळीच्या वर आहे तोवर चित्र स्वच्छ, खाली गेला की चौकोन-चौकोन आणि लगेच काळोख. त्यामुळे पाऊस, गंजलेली पिन, संपलेला रिचार्ज, बदललेला पॅक या सगळ्यांचं बाहेरून दिसणारं लक्षण एकच: चॅनेल गेला. लोक इथेच फसतात आणि रिचार्जच्या दुखण्यासाठी डिश फिरवत बसतात.

खूण म्हणून डीडी नॅशनल आणि डीडी सह्याद्री लावून बघा. दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल दाखवणं केबलवाल्यांना आणि डीटीएच कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि फ्री डिश तर दूरदर्शनचीच. हे दोन्ही दिसले आणि बाकीचे पैशांचे चॅनेल नाहीसे असले, तर छपरावर चढायची गरज नाही. मामला पॅकचा किंवा रिचार्जचा. काहीच दिसत नसेल तर वायर, डिश किंवा बॉक्स. काही चॅनेल दिसतात आणि काहींचा मोठा घोळका एकदम गायब आहे, तर सिग्नल कमकुवत. एकच चॅनेल गेला असेल तर बहुधा त्याचा नंबर बदललेला असतो किंवा तो पॅकमधून निघालेला असतो. पडद्यावरचं वाक्यही महत्त्वाचं. ‘सिग्नल नाही’ आणि ‘हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि फोनवर पहिला प्रश्न हाच येतो.

आता घरात नेमकं कुठलं डिजिटल आहे ते पाहा. कौलांवर जुना माशाच्या काट्यासारखा अँटेना असेल तर त्याच्यावर वेळ घालवू नका. दूरदर्शनने जमिनीवरचं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण देशभर जवळजवळ गुंडाळलं आहे, आणि २०१६ साली ज्या १६ शहरांत अँटेनावर डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं त्यांत मुंबई-औरंगाबाद होती, पणजी नव्हती. केबल असेल तर शहरी भागांसाठी अॅनालॉग बंद करायची मुदत ३१ डिसेंबर २०१५ ठरली होती आणि खेड्यापाड्यांसाठी ती वाढवत ३१ मार्च २०१७ पर्यंत नेली होती. म्हणजे भिंतीतून आलेली वायर थेट टीव्हीच्या पाठीत खुपसून आता काही दिसणार नाही, मधे बॉक्स हवा, आणि प्रत्येक टीव्हीला वेगळा. माजघरातल्या टीव्हीवर सगळं दिसतं आणि आतल्या खोलीतला ‘बिघडलेला’, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. त्या दुसऱ्या टीव्हीला बॉक्सच नसतो.

पैशांचा भाग वहीत लगेच निकाली काढा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नव्या दरपद्धतीत चॅनेल आपण निवडायचे असं ठरलं. तेव्हा निवड न करणाऱ्या अनेकांचे नेहमीचे चॅनेल गेले आणि दोष डिशला मिळाला. अजूनही कंपन्या पॅक बदलतात, चॅनेल एका गुच्छातून दुसऱ्यात जातो आणि आपल्याला कळत नाही. गावच्या घराचं कनेक्शन कुणाच्या नावावर, कुठला मोबाईल नंबर जोडलेला, ग्राहक क्रमांक काय, हे तीन तपशील बॉक्सच्या खाली चिकटवून ठेवा. नंबर परदेशात असलेल्या मुलाचा निघाला की ओटीपीसाठी त्याची झोपमोड होते. माझ्या मते अशा घराचं कनेक्शन तिथे जवळ राहणाऱ्याच्या नंबरवर असावं, भाऊबंदकीत काय म्हणतील याचा विचार बाजूला ठेवून.

फ्री डिशवाल्यांना रिचार्ज नाही, तरी चॅनेल जातात, आणि त्याचं कारण वेगळं. तिथल्या खासगी चॅनेलांच्या जागा लिलावात जातात आणि ते वर्ष १ एप्रिलला बदलतं. १ मार्च २०१९ ला स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते हे चारही फ्री डिशवरून उठले, जून २०२० मध्ये परत आले, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेले. त्यात आपल्या घरचं काहीच बिघडलेलं नव्हतं. तेव्हा मागच्या चवथीनंतर पहिल्यांदाच बॉक्स लावत असाल तर नव्याने स्कॅन करा. मेनूत उपग्रह जीसॅट-१५, एलएनबीची (डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डब्याची) फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० निवडलेली आहे ना ते बघा आणि मगच ऑटो स्कॅन. एमपेग-२ आणि एमपेग-४ या चित्र दाबून पाठवायच्या जुन्या-नव्या पद्धती. फार जुना, एमपेग-२ चाच बॉक्स असेल तर एमपेग-४ वर चालणारे चॅनेल त्यात कितीही स्कॅन केलं तरी उतरणार नाहीत. तिथे नवा बॉक्स हाच उपाय.

पैशांच्या डीटीएचचा बॉक्स महिनोन् महिने बंद असेल तर रिचार्ज केल्याकेल्या सगळं येईल अशी अपेक्षा ठेवू नका. कुठले चॅनेल उघडायचे ही आज्ञा उपग्रहावरूनच येते, आणि ती घ्यायला बॉक्स चालू असावा लागतो. रिचार्ज करून बॉक्स कुठल्याही एका चॅनेलवर तासभर चालू ठेवा, नाहीच आलं तर कंपनीच्या अॅपवरून रिफ्रेश मारा. फॅक्टरी रीसेट मात्र शेवटी, आणि तोही सध्याच्या सेटिंगचे फोटो काढून. आणि हो, टीव्हीचा सोर्स बघा. वायर एचडीएमआय-२ मध्ये आणि टीव्ही एव्हीवर, असं निघालं तर मनातल्या मनात हसा आणि कुणाला सांगू नका.

आता डिश. मेनूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर बहुतेकदा डिश चुकीच्या दिशेला बघते आहे. दोन्ही शून्य असतील तर आधी वायर. पणजीच्या आसपासून जीसॅट-१५ साठी होकायंत्रावर साधारण १२७ अंश, म्हणजे आग्नेय, आणि क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. समुद्राकडे पाठ फिरवून घाटाच्या उजव्या अंगाला, चांगलंच उंच. डिश तेवढी वर बघताना दिसणार नाही, कारण या छोट्या डिशचा आकारच असा असतो की ती दिसते त्याहून बरीच वरचं पकडते. म्हणून तिला हाताने आभाळाकडे वाकवू नका. शेजाऱ्याची डिश बघून आपलीही फिरवू नका. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे, त्यासाठी डिश बरीच दक्षिणेकडे वळलेली असते, एअरटेलचा १०८.२ वर, तो पूर्वेकडे आणि खाली, जेमतेम ४७ अंशांवर.

हा कोन लक्षात ठेवायचं कारण माड. डिश लावली तेव्हा कमरेएवढा असलेला माड दहा-बारा वर्षांत छपराच्या वर जातो आणि ओली झावळी सिग्नल अडवते. फ्री डिशपुरता हिशेब सोपा आहे: झावळ्यांचं टोक डिशपेक्षा १० मीटर वर असेल तर ते डिशपासून किमान सहा मीटर लांब हवं. एअरटेलसाठी तेवढ्याच उंचीला साडेनऊ मीटर लागतील. वारा आला की चौकोन येतात आणि वारा पडला की चित्र स्थिर, असं होत असेल तर टेक्निशियनच्या आधी माडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलवा. आणखी एक खात्रीची युक्ती आहे, पण तिचा मुहूर्त वर्षातून दोनदाच येतो. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपता संपता, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य इथून बरोबर जीसॅट-१५ च्या मागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जातं, तो बिघाड नव्हे. त्याच वेळी डिशवर झावळीची किंवा वळचणीची सावली पडलेली दिसली, तर अडथळा कोण तो सापडला.

डिश कशावर बसवली आहे तेही हलवून बघा. चिऱ्याची भिंत पावसात भिजली की साधा बोल्ट तिच्यात सैल होतो, डिश बोटभर सरकते आणि तेवढ्याने उपग्रह सुटतो. हाताने ढकलल्यावर खांब डुलत असेल तर आधी तो पक्का करून घ्या, दिशा नंतर.

बहुतेक घरांत चोर मात्र वायरच्या टोकाला सापडतो. बॉक्सचा प्लग काढा, मग एलएनबीची पिन फिरवून मोकळी करा. मधली तांब्याची तार चकाकणारी हवी. किनारपट्टीच्या घरांत ती काळी पडलेली आणि पिनेच्या आत हिरवट पिठूळ थर साचलेला दिसतो, तारेभोवतीची धातूची जाळी बोटाने चोळली की भुगा होते. कधी टोपणाखाली कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असतं. असा भाग घासून साफ करण्यात अर्थ नाही; वायर वीतभर मागे, जिथे तांबं स्वच्छ लागेल तिथे कापायची, नवी पिन लावायची, जाळीचा एकही केस मधल्या तारेला शिवू द्यायचा नाही, आणि वरून रबरी टेप घट्ट ओढून गुंडाळायची. बॉक्स याच वायरीतून एलएनबीला कधी १३ तर कधी १८ व्होल्ट पाठवतो, आणि त्यावरून उभ्या लहरींवरचे चॅनेल पकडायचे की आडव्या ते ठरतं. गंजलेल्या पिनेत १८ चे १८ पोचत नाहीत आणि चॅनेलांचा एक मोठा गट जातो, बाकीचे ठणठणीत. वायर घरात शिरते तिथे खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी त्याच्या टोकावरून गळेल आणि भोकातून आत येणार नाही.

जुन्या केबलच्या काळातला स्प्लिटर डिशच्या वायरीत ठेवू नका. तो सुमारे १००० मेगाहर्ट्झपर्यंतचंच जाऊ देतो, एलएनबीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो. दोन खोल्यांत दोन बॉक्स हवे असतील तर दोन तोंडांची एलएनबी आणि दोन वायरी. केबलवाल्यांच्या बाबतीत घरात बघण्यासारखं कमी आहे. एका फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा चॅनेल बांधून येतात, तेवढेच गेले असतील तर बॉक्सची पिन घट्ट करा, शेजारी विचारा, त्यांचेही गेले असतील तर रस्त्यावरच्या अॅम्प्लिफायरचं काम.

जोराच्या सरीत चित्र जातं आणि सर ओसरली की येतं, त्याला उपाय शोधू नका. या फ्रिक्वेन्सीला मुसळधार पाऊस अडवतोच. साध्या पावसातही जात असेल तर मात्र वरची सगळी तपासणी. परतीच्या पावसातल्या गडगडाटात बॉक्सचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा, आणि घर बंद करताना तर नक्कीच.

केबल सोडून डीटीएच घ्यायचा विचार असेल तर आधी घरातल्यांना विचारा. गोव्याच्या बातम्यांचे, कोंकणी-मराठी कार्यक्रमांचे जे स्थानिक चॅनेल केबलवर येतात ते डीटीएचवर असतीलच असं नाही. डीडी गोवा फ्री डिशवर आहे, पण बाकीच्यांचं आधी नीट विचारून घ्यावं.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा आणि वही उघडून सांगा: डीडी नॅशनल दिसतं की नाही, स्ट्रेंग्थ किती, क्वालिटी किती, पडद्यावर काय लिहिलंय, पिन नवी लावली आहे. तक्रारीचा नंबर मागून लिहून घ्या. तारीख देऊनही कुणी फिरकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे हाच तक्रार नंबर द्यायचा. माणूस आला की त्याला छपरावर एकटा सोडू नका. तुमच्यापैकी एकाने खाली टीव्हीसमोर बसून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायचा, आणि काम संपल्यावर वहीतले न दिसणारे चॅनेल एकेक करून त्याच्यासमोर लावून बघायचे, मगच पैसे.