पहिला मोबाइल उघडण्यापूर्वी: बेळगावातील फॉरेन्सिक संशोधकाची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मोबाइल संभाषणांवर डिजिटल फॉरेन्सिकच्या, म्हणजे उपकरणांतील माहिती पुरावा म्हणून तपासण्याच्या, अंगाने पीएचडी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची पहिले उपकरण हाती घेण्यापूर्वी कोणती तयारी झालेली असावी, ते येथे मांडत आहे. इथला मराठी माणूस एकाच दिवसात देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत निरोप लिहू शकतो, आणि आपले शोधसाधन त्यातले काय गाळते हे ठाऊक नसेल तर पुढचे सगळे निष्कर्ष अधांतरी राहतात.

संमतीपत्रे मराठीत आणि कन्नडमध्ये तयार असावीत. फोनमधील कोणता भाग वाचला जाईल, प्रत किती काळ ठेवली जाईल आणि ती कशी नष्ट केली जाईल, हे त्यांत स्वच्छ लिहिलेले असावे. बाजारातून जुने फोन विकत घेऊन त्यांतील माहिती वापरणे मला अयोग्य वाटते, कारण आधीच्या मालकाने त्याला होकार दिलेला नसतो. संमती देणाऱ्याच्या फोनमध्येही पलीकडच्या माणसाचे निरोप असतातच, म्हणून पहिला संच स्वयंसेवकांकडून कोऱ्या फोनवर ठरवून लिहून घ्यावा. त्यात एक मोठा फायदा असा की कोणत्या निरोपात काय आहे हे आधीच माहीत असते, त्यामुळे साधनाची चूक पकडता येते.

मेमरी कार्डासाठी राइट ब्लॉकर (कार्डावर काही लिहिले जाऊ न देणारे साधन), फोनसाठी फॅराडे पिशवी (नेटवर्कचे सिग्नल अडवणारी), पुरेशा क्षमतेची रिकामी डिस्क आणि यूपीएस जवळ असावा. पावसाळ्यात इमेज (साठवणीची हुबेहूब प्रत) घेताना मध्येच वीज गेली तर सारे पहिल्यापासून करावे लागते.

सर्वाधिक वेळ लिपीच्या चाचणीला द्यावा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला संकेत देणाऱ्या प्रणालीत) ०९३१ या एका संकेताने आणि पुढे हलन्ताने लिहिता येतो, साधा र, नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि हलन्त असाही लिहिता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक वापरूनही उमटतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट (साठवलेले संकेत) जुळवून शोधणाऱ्या साधनाला ते तीन वेगळे शब्द असतात. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समान लेखने एकरूप करण्याची रीत, पहिल्या दोघांना एकत्र आणते, तिसऱ्यासाठी मात्र स्वतःचा नियम लिहावा लागतो. ‘ॲ’ हे अक्षरही दोन प्रकारे लिहिता येते आणि तिथे प्रमाणीकरण मदतीला येत नाही. त्यावर पुन्हा ‘हिशेब’ आणि ‘हिशोब’, रोमनमधली ज्याची त्याची वर्णरचना, आणि मराठी वाक्यात सहज येणारा ‘दुड्डु’ (पैसे) यासारखा कन्नड शब्द. अशा रूपांची सूची हाताने करावी आणि ती इथे वाढलेल्या दोन-तीन जणांना वाचून दाखवावी. पुण्याचा शब्दकोश या कामी पुरा पडत नाही.

अनेक ॲप निरोप एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतात. ताजे बदल बरेचदा शेजारच्या ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) फाइलमध्ये असतात आणि साध्या दर्शक-ॲपने डेटाबेस उघडून बंद केला की ते बदल मुख्य फाइलमध्ये मिसळून ‘वॉल’ नाहीशी होऊ शकते. तिच्याबरोबर जुन्या नोंदींचे अवशेषही जातात. म्हणून दोन्ही फाइलींची प्रत आधी घ्यावी, शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलताच बदलणारा ठसा) काढून नोंदवहीत तारीख-वेळेसह उतरवावा आणि मूळ प्रतीला हात लावू नये. डेटाबेसमधली निरोपाची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत असेल तर ती जागतिक वेळ असते. साडेपाच तास मिळवले नाहीत, तर मध्यरात्री १२ वाजून १० मिनिटांचा निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी ६.४० चा वाटतो. आरोपी त्या वेळी कुठे होता हा प्रश्न असेल, तर एवढी चूक माणसाला तुरुंगात घालू शकते.

आपली पद्धत उद्या न्यायालयात उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर कायदाही आधीच वाचावा. जालन्याच्या निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू असून प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि दोन्हींत हॅश नोंदवायचा असतो. त्या नमुन्यावर आपल्या चाचणी संचातील एका फोनची माहिती भरून मार्गदर्शकांना दाखवावी, आणि एकही रकाना रिकामा राहत नाही ना, हे त्यांच्यासमोरच तपासून घ्यावे.