कीर्तनकाराने नगरपालिकेला उभं राहण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी गादी. अर्ज भरण्याआधी, भाऊबंदांना विचारण्याआधी, आरक्षण सुटलं की नाही हे बघण्याआधी कीर्तनाची गादी, म्हणजे मंदिरात कीर्तनाला उभं राहण्याचा मान, दुसऱ्याच्या हवाली करा, आणि लेखी करा. मी नेमकं हेच विसरलो. आमच्या पालिकेचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला होतं आणि दत्तजयंती ४ तारखेला. आमच्या मंदिराचा सप्ताह दरवर्षी दत्तजयंतीला धरून असतो, म्हणजे प्रचाराचे शेवटचे दिवस आणि सप्ताहाचे पहिले दिवस एकमेकांवर आले. ४ नोव्हेंबरला निवडणूक जाहीर झाली तेव्हाच पंचांग काढून बघितलं असतं तर हे दिसलं असतं. मी मतदारयाद्या घेऊन बसलो होतो.

तेव्हा यादीच्याही आधी तारखांची वही काढा. पुढच्या चार महिन्यांत कुठे कुठे शब्द दिलाय, कोणाचं वर्षश्राद्ध, कोणाचा गोंधळ-जागरणानंतरचा हरिपाठ, काल्याचं कीर्तन कोणत्या गावी, सगळं एका कागदावर येऊ द्या. आपल्या पालिकेच्या हद्दीतली प्रत्येक तारीख दुसऱ्या महाराजांना द्या. चोपडा, पारोळा, शिरपूरकडच्या तारखा ठेवल्या तरी चालतात असं मला वाटायचं; आता म्हणतो त्याही द्या. तुमच्या प्रभागातल्या लेकी तिकडेच दिलेल्या असतात आणि कीर्तन मोबाईलवरून रात्रीतून इकडे येतं.

कागदपत्रांचं सांगतो, पण थोडक्यात, कारण हे कोणताही वकील सांगेल. वय २१ पूर्ण, नाव त्याच पालिकेच्या मतदारयादीत. प्रारूप यादी लागली की स्वतः जाऊन बघा. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि आमच्यासारखा माणूस नेमका तेव्हा बाहेरगावी असतो. आमच्या आळीतली काही घरं शेजारच्या प्रभागात टाकलेली होती, ती वेळेत सापडली म्हणून परत आली. जागा राखीव असेल तर जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्र, ते नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याचा नियम सगळ्यांना पाठ आहे. शौचालयाचा दाखला. सूचक लागतील त्यापेक्षा दोन जास्त तयार ठेवा, ऐनवेळी एखाद्याला घरून दम मिळतो.

थकबाकी मात्र नीट बघा. स्वतःच्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी सगळे भरतात. मंदिराच्या सभामंडपाची, भक्तनिवासाची, मंडळाने पालिकेकडून घेतलेल्या गाळ्याची पट्टी कोणाच्या नावावर आहे? आमच्या भक्तनिवासाचं नळ कनेक्शन पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच नावावर घेतलेलं निघालं. छाननीच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर अर्ज तिथेच बसला असता.

आता परत गादीकडे. विश्वस्त मंडळात असाल तर राजीनामा द्या. नुसता तोंडी नको. सभा बोलवा, ठराव घ्या, इतिवृत्तात सह्या घ्या आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या आत जाईल हे बघा. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: निकाल लागेपर्यंत महाराज इथे कीर्तन-प्रवचन करणार नाहीत, सप्ताहाची वर्गणी, भांडी, मंडप, स्पीकर, गाडी यातलं काहीही प्रचाराला जाणार नाही, पंगतीचे अन्नदाते आणि वाढपी मंडळी ठरवण्यात महाराजांचा संबंध राहणार नाही. हे मी मनाने सांगत नाही. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा कायदा आहे. मंदिर असो, मशीद असो, चर्च असो की विहार, त्याची जागा किंवा पैसा राजकीय कामाला वापरला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. मी पंचवीस वर्षं त्या मंडपात उभा राहिलो आणि हा कायदा मला पहिल्यांदा नोटीस आल्यावर कळला.

काय झालं ते सांगतो. २६ नोव्हेंबरला चिन्ह मिळालं, शिट्टी. मतदानाला सहा दिवस. पोरांनी त्याच रात्री शे-दोनशे शिट्ट्या आणून वाटल्या. ३० तारखेचा रविवार, सप्ताहातली सगळ्यात मोठी पंगत. मी कीर्तनाला उभा राहिलो. मताचा एक शब्द काढला नाही, अभंगाच्या बाहेर गेलो नाही, ही माझी खात्री होती आणि तेवढं पुरे आहे असं मी समजत होतो. कीर्तन संपलं, लोक पाया पडायला रांगेत आले, तिकडे पानं मांडली. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. वरणाची बादली घेऊन आमचाच एक पोरगा वाढत होता, गळ्यात शिट्टी. कोणीतरी लांबून तूप मागितलं, हा वाकून वाढता वाढता शिट्टी फुंकून बसला. मंडपात हसू पिकलं. समोर मोबाईल धरलेला होता.

त्या पंगतीत आमचे जुने वीणेकरी, सप्ताहात वीणा धरणारे, बसले होते. समोरच्या उमेदवाराच्या भाऊबंदकीतले, पण सप्ताहात ते कधी आड आलं नव्हतं. त्यांनी हातातली बट्टी पानावर ठेवली, पानाला नमस्कार केला आणि उठून गेले. प्रसादाचं पान टाकून उठलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

रात्री तक्रार, सकाळी नोटीस, खुलासा चोवीस तासांत. प्रचाराचा शेवटचा दिवस मी तहसीलच्या बाकावर काढला. पंगतीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात का धरू नये, असं विचारलं होतं. आमची ब वर्गाची पालिका, सदस्याला मर्यादा साडेतीन लाखांची. हजार पानांची पंगत त्यात धरली तर काय उरतं ते मोजा. अन्नदात्याची पावती होती म्हणून त्यातून सुटलो. पावती नसती तर?

म्हणून पुन्हा सांगतो, गादी आधी मोकळी करा. 'मी गादीवरून मत मागणार नाही' याला काही अर्थ नाही. तुम्ही गादीवर दिसलात की मागितलं. बुक्का लावायला समोर वाकणारा प्रत्येक माणूस त्या आठवड्यात मतदार असतो, आणि त्यातला जो तुम्हाला मत देणार नाही त्याची तुम्ही मंदिरातच कोंडी करता. त्याने पाया पडावं की नाही? पडला तर घरचे बोलणार, नाही पडला तर मंडळी बघणार. ही कोंडी फक्त तुम्ही सोडवू शकता, आणि ती तिथे न जाऊनच सुटते. आमच्या गल्लीतली एक माय निकालानंतर म्हणाली, "महाराज, तुम्ही कसाले पडनात यामा?" तिला उभं राहण्याचं दुःख नव्हतं. तिला सप्ताहात दोन गट झाल्याचं दुःख होतं.

उभं राहूच नये असं मी म्हणत नाही. दिवसाआड येणारं पाणी, तुंबलेल्या गटारी, स्मशानभूमीचं मोडकं शेड, हे आम्ही दशक्रियेला जाऊन जाऊन जितकं पाहतो तितकं कोणी पाहत नाही. त्यावर जरूर बोला. चौकात बोला, पारावर बोला, ओट्यावर बसून बोला. मंडपात नाही.

गादी कोणाला द्यायची हेही नीट ठरवा. स्वतःच्या मुलाला किंवा पुतण्याला देऊ नका, ती दिल्यासारखी होत नाही. बाहेरगावचे महाराज बोलवा, बिदागी मंडळाने द्यावी, आणि त्यांना आधीच सांगा की कीर्तनात माझं नावसुद्धा घेऊ नका, आशीर्वादालाही नको. वीणा आणि पंगत विरोधातल्या घराकडे गेली तर सगळ्यात चांगलं. आम्हाला ते सहज करता आलं असतं, वीणेकरी तिथेच होते.

पत्रकावर विठ्ठल, मुक्ताई, ज्ञानोबा-तुकोबा कोणीही नको. फेट्यातला, टाळ घेतलेला फोटो नको, साध्या टोपीतला द्या. छापणाऱ्याचं नाव आणि प्रतींची संख्या पत्रकावर हवीच.

नावाचं एक राहिलं. यंत्रावर महाराज नसतात, कागदावरचं नाव असतं. निम्म्या म्हाताऱ्या माणसांना माझं आडनाव माहीत नव्हतं. अर्ज भरतानाच नाव कसं छापून येणार ते विचारून घ्या, आणि घरोघरी नाव, क्रमांक, चिन्ह तिन्ही सांगा. शिवाय प्रभागात दोन जागा आणि नगराध्यक्ष थेट, म्हणजे बटण तीन वेळा दाबायचं. हे समजावल्याशिवाय पुढे जाऊ नका, लोक एक दाबून हात जोडून बाहेर येतात.

बँकेत निवडणुकीचं वेगळं खातं काढा, रोजचा खर्च रोज लिहा. भक्तांनी हातात दिलेले पैसे खिशात टाकू नका, आपल्याला दक्षिणेची सवय असते. पाकीट आलं की आधी विचारा, हे कशाचं? सप्ताहाचं असेल तर तिथल्या तिथे मंडळाच्या खजिनदाराकडे पाठवा, पावतीसकट.

बूथवरची माणसं टाळकऱ्यांतून घेऊ नका. मतदानाच्या दिवशी काकडा असेल तर काकड्याला तुम्ही नाही, आणि तुमची पोरंही नाहीत. गळ्यात शिट्टी घातलेलं कोणी मंदिराच्या पायरीवर दिसलं तर तिथूनच परत पाठवा.

मतदान झालं की फलक त्याच रात्री उतरवा. निकाल लागला की ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्या, हरलात तरी द्या, नाही दिला तर पुढच्या वेळी अपात्र ठरवू शकतात. आमची मोजणी २१ डिसेंबरपर्यंत लांबली. एवढे दिवस हातात होते आणि मी बूथनिहाय आकडे जुळवत बसलो. तुम्ही तसं करू नका. ज्यांचं मन दुखलं असेल त्यांच्या घरी मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच जा, निकालाची वाट बघू नका. मी निकालानंतर गेलो. वीणेकऱ्यांनी दार उघडलं, चहा दिला, तब्येतीची विचारपूस केली. वीणेचा विषय मी काढला तेव्हा म्हणाले, आता पोरांच्या हाती द्या. गादीचा ठराव आम्ही जानेवारीत केला. तुम्ही तो अर्जाच्या आधी करा.