सोलापूरच्या उन्हात फिल्मवर निसर्गचित्रं

लाइट मीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) नाही म्हणून अडू नका. आपल्याकडचं लख्ख ऊन असलं की अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, तो डबीवरचा आकडा) जवळचा: १०० च्या रोलला १/१२५ सेकंद. कलर निगेटिव्हला (रंगीत प्रिंटच्या फिल्मला) मी एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश देतो, सावलीतले तपशील टिकतात. भुईकोट किल्ल्याच्या तटाची सावलीतली बाजू मात्र या मापाने काळीठिक्कर येईल. तिथे एफ/५.६ पर्यंत उघडा.

हिप्परगा तलावावर पहाटेच जा, ट्रायपॉड आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची वायर) घेऊन. खरे रंग तेव्हाच मिळतात.

उन्हाळ्यात रोल गाडीत ठेवू नका, रंग बिघडतात. फ्रिजमधला रोल डबी न उघडता तासभर बाहेर ठेवा, नाहीतर फिल्मवर ओल धरते. काढून झालेला रोल लवकर धुवायला द्या.